ईश्वरप्पाचे अकरा मोर

सोलापुरात गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारे गल्लोगल्ली आहेत, पण गेटवर मोर बसवायचा तर तो भवानी पेठेतल्या ईश्वरप्पाच्या हातचा, असं लोक म्हणत. म्हणत, म्हणजे तीन वर्षांपूर्वीपर्यंत. पुढे लोक नुसतंच 'वा, छान' म्हणायला लागले. गिऱ्हाईक भांडायचं सोडून वा-छान करायला लागलं की समजावं, कारागिराचं काहीतरी बिनसलंय आणि लोकांना त्याची कीव येतेय.

बिनसलं होतं ते असं, की ईश्वरप्पाचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांना तो एकदा चोरून दाखवून आला. 'वयानं होतं, घाबरू नका' असं डॉक्टर म्हणाले, आणि डॉक्टरांना काय, त्यांना थोडंच गॅस कटरनं मोर कापायचा होता! मोराची मान लांब आणि बाकदार असते. ज्योत पत्र्यावर टेकवली की ती एका दमात खालपासून वरपर्यंत न्यावी लागते. ईश्वरप्पाचा हात अर्ध्यातच कुरकुरायचा, म्हणून तो मान जरा आखूड घ्यायला लागला. पिसाऱ्यातले डोळे जमेनात, म्हणून त्यानं पिसारा मिटवून टाकला. तुऱ्याच्या तीन बारीक काड्या तुटायच्या, म्हणून तिन्हींचा मिळून एक जाडसर तुरा केला. पोट मात्र गोल, ते हात कसाही हलला तरी येतं, म्हणून पोट वाढत गेलं. अशा सवलती घेता घेता तीन वर्षांत भवानी पेठेतल्या मोराची चांगली पोसलेली कोंबडी झाली.

हे ईश्वरप्पाला दिसत होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. उजवा हात सदा खिशात, नाहीतर पाठीमागे. 'हल्ली मोर असाच चालतो' असं तो आपणहून सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना. दुसरा एखादा असता तर त्यानं सरळ पत्र्याचा फर्मा केला असता, त्याच्या कडेनं ज्योत फिरवली असती आणि मोकळा झाला असता. पण ईश्वरप्पानं चाळीस वर्षं सगळ्या पेठेला ऐकवलं होतं, "फर्मा लावून कापायचं आसंल तर बिस्किटं कापा की. लोखंडाला कशाला हात लावताय?" आता कुठल्या तोंडानं फर्मा करणार? हात गेला ते एकवेळ चाललं असतं, पण हात गेला हे लोकांना कळलं असतं तर ईश्वरप्पाला दुकान उघडणं जड गेलं असतं.

अशात मोहोळहून उदयसिंह आले. पांढरे कपडे, मोठी गाडी, आवाज असा की बोलणं शेजारच्या गिरणीत पीठ दळणाऱ्यालाही ऐकू जावं.

"मिस्त्री, कोपऱ्यावर त्या कुमारच्या गेटवर जो पक्षी हाय, तो तुमच्या हातचा न्हवं?"

"व्हय."

"आगदी तसाच पायजे. अकरा नग. दोन गेटवर आन् नऊ कंपाउंडवर. नव्या बंगल्याची वास्तुशांत हाय. पण सगळे कसे, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!"

ईश्वरप्पाची छाती फुगली आणि लगेच खालीही बसली. कुमारच्या गेटला दोन झडपा होत्या. डावीकडचा मोर पंधरा वर्षांपूर्वीचा, ऐन उमेदीतला. उजवीकडचा गेल्या वर्षीचा, कारण पाण्याचा टँकर मागं घेताना ती झडप चेपली होती. आता शहाणा माणूस यातला कुठला मोर मागणार, हे सांगायला नको. पण तसले अकरा, आणि सगळे एकसारखे! ईश्वरप्पाच्या हातानं पहिला मोर झाला असता, दुसरी कोंबडी, आणि अकरापर्यंत बदकसुद्धा निघालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "जमाना बदललाय. आता कॉम्प्युटरनं कापायचं. मशीन घेणाराय मी." बिस्किटांचं भाषण ज्यांना पाठ होतं त्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्याची बायको बसम्मा हिला हे घरी कळलं, तेव्हा ती 'बरं' म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. बसम्मा एखाद्या गोष्टीला पहिल्याच झटक्यात बरं म्हणाली, असं तेहतीस वर्षांत झालं नव्हतं, पण ईश्वरप्पाला ते लक्षात घ्यायला फुरसत कुठली!

मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला, गळ्यात टाय आणि हातात चकचकीत पुस्तक. त्यानं दाखवलेलं टेबल पाच फूट बाय दहा फूट होतं आणि ईश्वरप्पाचं दुकान होतं दहा बाय नऊ.

"मग मी कुटं हुभारू?" ईश्वरप्पानं विचारलं.

"सर, तुम्हाला उभं राहायची गरजच नाही. मशीन सगळं करतं."

"आन् मोर?"

"सर, आमच्या लायब्ररीत चौतीस मोर तयार आहेत. हवा तो निवडा."

ईश्वरप्पानं चौतीसही मोर बघितले. सगळे लग्नपत्रिकेवरून उडून आल्यासारखे. चाळीस वर्षं मोर कापणाऱ्या माणसाला परक्याचा मोर निवडायला सांगायचं म्हणजे सुगरणीला हॉटेलातलं जेवण मागवायला सांगण्यासारखं होतं. त्यानं त्या माणसाला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग आत जाऊन चाकणला मुलीला फोन लावला.

सिद्धेश्वरी चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षं असलीच मशिनं चालवत होती. तिला खरं तर बापाच्या दुकानातच यायचं होतं, पण 'लोखंडात बाईमाणसाचं काम न्हाय' म्हणून ईश्वरप्पानंच तिला हाकललं होतं. आता तोच फोनवर म्हणत होता, "टेबल आपुनच करू घरी. तू ये."

सिद्धेश्वरी महिन्याची रजा काढून आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं अट घातली. "अप्पा, जमलं तर मी परत जाणार न्हाई. हितंच काम करणार, तुमच्या बरोबरीनं. न्हाई जमलं तर एक तारखेला चाकण, आन् परत हा विषय काढायचा न्हाई."

"बरं बरं," असं ईश्वरप्पा तोंड वाकडं करून म्हणाला. मनातून मात्र त्याला इतका आनंद झाला होता, की त्या दिवशी त्यानं एक साधी जाळी उलटी वेल्ड केली.

दुकानामागे घर आणि घरामागे परस. टेबल परसात मांडायचं ठरलं, म्हणजे बसम्माच्या राज्यात. टेबलाचं माप कसं निवडावं यावर कंपनीच्या पुस्तकात चार पानं होती. बसम्मानं ते उभ्या उभ्या निवडलं. "माज्या धुण्याच्या दगडापासनं त्या शेवग्यापातुर. त्याच्या पुढं एक बोट आलं तर बघा." जागा मोजली, ती भरली साडेचार फूट. म्हणून टेबल झालं चार बाय चार.

चौकट ईश्वरप्पानं वेल्ड केली. वेल्डिंगला हात टेकवता येतो, त्यामुळे ते अजून जमत होतं. रूळ, पट्टे आणि मोटारी कुरिअरनं आल्या. कंप्रेसर एका गाड्या रंगवणाऱ्याकडून जुना घेतला. सिद्धेश्वरीनं आईला समजावून सांगितलं की या नळीला टॉर्च म्हणतात, हिच्यातून वीज आणि दाबाची हवा एकत्र बाहेर पडते आणि पत्रा विळीवर भेंडी चिरावी तसा चिरत जातो. नळी कुठं फिरवायची ते कॉम्प्युटर सांगतो. खाली मोठा ट्रे असतो, त्यात पाणी भरायचं, म्हणजे ठिणग्या आणि धूळ पाण्यात पडते.

बसम्माला पाण्यापर्यंतचं सगळं पटलं होतं.

"किती पाणी?"

"दोनशे लिटर."

"अय्यो शिवने! नळाला पाणी चौथ्या दिवशी येतंय, आन् टेबलाला दोनशे लिटर? माणसानी काय टेबलाखाली जाऊन प्यायचं?"

शेवटी तोडगा निघाला. धुण्याचं पाणी टेबलाला. बसम्मा रोज धुणं झालं की साबणाचं पाणी बादलीनं ट्रेमध्ये ओतायची. ते करताना तिच्या चेहऱ्यावर गाईला पाणी पाजल्याचं समाधान असायचं.

आता राहिला मोर. मशीनला रेघ द्यावी लागते, आणि रेघ काढायला हात लागतो. ईश्वरप्पानं खिशातला हात खिशातच ठेवून सांगितलं, "नवीन कशाला काढायचा? कुमारच्या गेटवरनंच उतरवून घ्या. डावीकडचा. चन्नप्पाला सांगतो मी."

चन्नप्पा हा ईश्वरप्पाचा बालमित्र. त्यानं सारी उमर चादरीच्या कारखान्यांसाठी कार्डं पाडण्यात घालवली होती. चादरीवर जी नक्षी येते ती आधी चौकटीच्या कागदावर मांडतात, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, आणि माग ती भोकं वाचत नक्षी विणतो. हजारो भोकं, त्यातलं एक इकडचं तिकडं झालं तरी चादरीतल्या हत्तीला पाचवा पाय फुटतो. म्हणून या धंद्यात एक नियम असतो, आणि चन्नप्पा तो गायत्री मंत्रासारखा सांगायचा, "नक्षीत आपलं डोकं घालायचं न्हाई. समोर जे हाय ते पाडायचं." एकदा मालकानं दिलेल्या कागदावर चहाचा डाग होता, तर त्यानं डागसुद्धा विणायला लावला होता. तसल्या चारशे चादरी कुठं कुठं गेल्या देव जाणे.

सिद्धेश्वरी म्हणत होती मोबाइलवर फोटो काढू. चन्नप्पानं ते हसण्यावारी नेलं. तो चौकटीच्या कागदाचे ताव चिकटवून कुमारच्या गेटवर गेला, कागद मोरावर धरून त्यावर कोळसा घासला आणि कड उमटवून घेतली. घरी बसून तीन दिवसांत एकेक चौकट मोजून आकडे लिहिले. सिद्धेश्वरीनं ते साडेनऊशे आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले. पडद्यावर इटुकला पक्षी दिसला. तिला तो जरा गुटगुटीत वाटला, पण मोर कसा असावा ते अप्पांनी ठरवायचं आणि रेघ नीट यावी ते आपण बघायचं, अशी तिनं कामाची वाटणी करून टाकली होती.

टेबलाला विभूतीचे पट्टे ओढले, नारळ फोडला आणि बटण दाबलं.

दाबाची हवा साबणाच्या पाण्यावर आपटली आणि परसात फेसाचा डोंगर उभा राहिला. टेबल दिसेना. बसम्मा पदर तोंडाला लावून हसत होती, कंप्रेसर धडधडत होता, आणि फेसाच्या आत कुठंतरी निळी ठिणगी तडतडत फिरत होती. पाच मिनिटांनी सगळं शांत झालं. फेस बसला. सिद्धेश्वरीनं पक्कडीनं तुकडा उचलून बादलीत बुडवला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

साबणानं न्हाऊन निघालेली स्वच्छ, ठसठशीत कोंबडी.

ईश्वरप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. सिद्धेश्वरीचं लक्ष कोंबडीकडे नव्हतंच, ती कडेवरून बोट फिरवत होती. "कड हलतीय, अप्पा. सगळी रेघ थरथरतीय. पट्टा सैल असणार."

इथून पुढे जे सुरू झालं त्याला घरात दुरुस्ती म्हणत. तिनं पट्टे ताणले आणि दुसरा मोर कापला, तो तसाच आला. रूळ पुसून तिसरा कापला, तोही तसाच. कंप्रेसरच्या हवेत ओल असेल म्हणून गाळणी बसवली. अर्थिंग कमी पडत असेल म्हणून परसात खड्डा खणला आणि त्यात कोळसा-मीठ भरलं. फेसामुळं होत असेल म्हणून बसम्मानं एक दिवस बिनसाबणाचं धुणं धुतलं, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा त्याग. गंमत अशी की गोल कापला की गोल यायचा, चौकोन कापला की काटकोनाचा गुण्या लावून बघावा असा यायचा. मोर म्हटलं की मशीन थरथरायचं. "ह्याला मोराचंच वावडं हाय," बसम्मा म्हणाली. शेजारीण म्हणाली दृष्ट लागलीय. कंपनीचा तो टायवाला फोनवर म्हणाला, "सर, म्हणूनच तयार टेबल घ्यायचं असतं." भिंतीला सात, मग आठ मोर टेकून उभे राहिले, सगळे एका आईची लेकरं.

आठवा मोर ईश्वरप्पानं एकट्यानं हातात घेतला. सिद्धेश्वरी जेवायला गेली होती. त्यानं मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला. तीन बारीक दाते, मग एक खोल खाच, मग पुन्हा दाते. ती खाच अंगठ्याला ओळखीची वाटली. गेल्या वर्षी मान कापताना इथंच तर त्याचा हात इतका हलायला लागला होता, की ज्योत बाजूला घेऊन त्याला दम खावा लागला होता!

तो तसाच चप्पल घालून कुमारच्या गेटवर गेला. डावीकडच्या मोराला पंधरा दिवाळ्यांचे रंगाचे थर चढले होते, त्याच्या कडा लिंपल्यासारख्या झाल्या होत्या. उजवीकडचा गेल्या वर्षीचा, स्वच्छ. आणि त्याच्या कडांना कोळसा लागलेला. ईश्वरप्पानं मानेवर अंगठा ठेवला. तीन दाते आणि खाच.

त्याला सगळं समजलं. मशीन ठणठणीत होतं. पोरीनं इतकं अचूक मशीन केलं होतं, की बापाच्या हाताची थरथर त्यानं केसाइतकीसुद्धा इकडंतिकडं न करता आठ वेळा उतरवली होती. आपली कला मशीनमध्ये उतरावी असं त्याला वाटत होतं, तर हातच उतरला होता. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. इथं अंगण सरळ होतं, आणि नाचणाऱ्याचं नाव सांगायची सोय नव्हती.

आता घरी जाऊन सांगायचं, की संपलं. पण सांगायचं काय? चन्नप्पानं चुकून दुसरा मोर उतरवला एवढंच सांगावं, तर पोरगी विचारणार, मग त्याच्या कडा अशा का? म्हणून तो गप्प बसला. एक नाही, तीन दिवस. सिद्धेश्वरी मोटारी खोलत होती, जोडत होती, नववा मोर, दहावा मोर, आणि हा चोरासारखा शेवग्याखाली बसून 'पट्टाच आसंल, पट्टाच आसंल' म्हणत होता. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि लाज वाटत असूनही तो बोलत नव्हता.

महिनाअखेर आली. रविवारी सकाळी अकरावा मोर कापून झाला. तसाच. सिद्धेश्वरीनं पक्कड खाली ठेवली. ती रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं. ती टेबलाचा पट्टा सोडवायला लागली.

"काय करायलीस?" ईश्वरप्पानं विचारलं.

"उद्या एक तारीख. माझंच चुकलं, अप्पा. तिकडं मशीन तयार असतंय, आपण नुसतं बटण दाबायचं. मुळापासनं करायचं म्हटलं की माझ्यानं होत न्हाई. तुमी म्हणत होता तेच खरं."

चन्नप्पा कट्ट्यावर बसून शेंगदाणे खात होता. बसम्मा धुणं पिळत होती. सहा वर्षांपूर्वी आपण फेकलेला दगड आज पोरगी स्वतःच्याच डोक्यात घालून घेत होती, आणि तो थांबवायला फक्त खिशातला हात बाहेर काढायचा होता.

त्यानं तो काढला. समोर धरला. हात अगदी ठरवून केल्यासारखा थरथरत होता.

"मशीन न्हाई हालत," तो म्हणाला. "ह्यो हालतोय. तीन वर्षं झाली. तू ज्या रेघेमागं लागलीस ती माजी हाय. मशीननं नक्कल केली निस्ती. आठव्या मोरालाच कळलं मला, आन् मी बोललो न्हाई."

ईश्वरप्पाला वाटलं, आता बायको कपाळाला हात लावणार. बसम्मानं पिळलेलं लुगडं झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"तीन न्हाई, साडेतीन वर्षं," ती म्हणाली. "तुमाला चहा अर्धा कप कशाला देती म्या? दूध कमी पडतंय म्हणून?"

इतकी वर्षं ईश्वरप्पा बायकोला कंजूष समजत होता.

"तुला बी म्हाईत व्हतं?" त्यानं चन्नप्पाला विचारलं.

"म्हाईत?" चन्नप्पा म्हणाला. "बे, म्या मोजल्यात की. त्या मोरात एकशेचौदा वेळा हाललाय तुजा हात. डावीकडच्याच्या कडा रंगानं बुजल्या व्हत्या, चौकट धरता येत न्हवती. म्हणून उजवीकडचा घेतला."

"मग जरा सरळ करून घ्यायचं की, गाढवा!"

"नक्षीत आपलं डोकं घालायचं न्हाई," चन्नप्पा शांतपणे म्हणाला आणि त्यानं पुढचा शेंगदाणा फोडला.

आता राहिली सिद्धेश्वरी. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती बापाचा हात हातात घेईल, असं ईश्वरप्पाला वाटत होतं. तिनं पट्टा जमिनीवर आपटला.

"अकरा दिवस!" ती ओरडली. "अकरा दिवस मी पट्टे ताणते, खड्डे खणते, आईला बिनसाबणाचं धुणं धुवायला लावते, आन् तुमी तिथं शेवग्याखाली बसून पट्टाच आसंल, पट्टाच आसंल? मला रात्री स्वप्नात पट्टे दिसतात, अप्पा!"

"चुकलं," ईश्वरप्पा म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून घरात पहिल्यांदाच निघाला, त्यामुळे बसम्मानं धुणं खाली ठेवून त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"म्हणजे मशीन बरोबर हाय," सिद्धेश्वरी जमिनीवरच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "साधं बरोबर न्हाई. एकशेचौदाच्या एकशेचौदा आल्यात." ती टेबलाकडे असं बघायला लागली, जसं बारशाला आलेल्या बायकांनी बाळाकडे बघावं. मग वाकून तिनं पट्टा उचलला आणि जागेवर चढवायला घेतला.

तेवढ्यात दुकानाच्या बाजूनं गडगडाटी आवाज आला, "मिस्त्री! हायसा का?" आणि कुणी या म्हणायच्या आत उदयसिंह परसात येऊन उभे राहिले. वास्तुशांत आठ दिवसांवर आली होती, काम कुठवर आलं ते बघायला ते मोहोळहून सकाळीच निघाले होते.

ईश्वरप्पानं ठरवलं, एकदा खरं बोलायला सुरुवात केलीय तर आजच्या आज सगळं उरकून टाकू. हात पाठीमागे न नेता तो पुढे झाला. "साहेब, आदी माजं ऐका. मोर बिगाडलेत. चूक माजी—"

पण उदयसिंहांचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बोटानं मोजत गेले. "नऊ, धा, अकरा. अकराच्या अकरा! आन् एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!" त्यांनी एक उचलून उन्हात धरला. "ह्याला म्हणायची कारागिरी. मान बघा, पोट बघा. आन् ही कड! जित्या पिसासारखी भुरभुरतीय. मिस्त्री, आख्ख्या जिल्ह्यात धुंडलो मी. ज्याला विचारावं त्यो मोर करतोय. कोंबडी जमती ती तुमालाच."

बसम्मा धुणं सोडून ईश्वरप्पाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"साहेब," ईश्वरप्पा कसाबसा म्हणाला, "त्यो मोर हाय."

बसम्मानं त्याच्या पायावर पाय दिला.

"मोर?" उदयसिंह हसले. "मोराचं काय करू मी? आवो, माजी पोल्ट्री हाय मोहोळला. चाळीस हजार पक्षी. त्यांच्या जिवावर बंगला बांधला, आन् गेटवर मोर बसवू? त्यांनी माजं काय केलंय?"

तीन वर्षं ईश्वरप्पा या एका शब्दाला भीत होता. लोक मनात म्हणत असतील, पाठीमागे म्हणत असतील, म्हणून तो रस्त्यानं मान खाली घालून जायचा. आता तो शब्द एक माणूस भर परसात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असा, कौतुकानं म्हणत होता. ईश्वरप्पाला राग आला, मग वाईट वाटलं, आणि मग पोटातून जे वर आलं ते हसू होतं. सिद्धेश्वरी तर टेबलाच्या कडेला धरून हसत होती.

"फकस्त एक राहिलं," उदयसिंह म्हणाले. "गेटच्या वर, मधोमध, एक कोंबडा पायजे. तोरा असलेला, आरवायच्या बेतात. त्यो तेवढा आत्ता माज्यासमोर काढून दावा, म्हंजे मी निवांत जातो."

हसणं थांबलं. सिद्धेश्वरीनं पुढे होऊन खडू उचलला, ती काहीतरी सबब सांगणार होती. ईश्वरप्पानं तो तिच्या हातातून काढून घेतला. टेबलावर कोरा पत्रा होता. मोहोळचं गिऱ्हाईक, बायको, पोरगी, चन्नप्पा, आणि एव्हाना भिंतीवरून डोकावणारी शेजारीण, सगळ्यांच्या देखत त्यानं उजवा हात पत्र्यावर आणला. हात हलत होता. कुणी दुसरीकडे बघितलं नाही.

"कसला काढू?" त्यानं विचारलं. "गावरान का बॉयलर?"

"गावरान की!" उदयसिंह म्हणाले. "बॉयलर कुटं आरवतोय?"

खडू पत्र्यावर टेकला आणि थरथरत निघाला. चोच झाली, तुरा झाला, गळ्याखालची लोंब झाली. मानेवर आल्यावर हात फार हलायला लागला, तसा ईश्वरप्पा जुन्या सवयीनं थांबला. चन्नप्पानं शेंगदाण्याची टरफलं झटकली, चौकटीचा कागद मांडीवर घेतला आणि कानामागची पेन्सिल काढली.

"थांबू नगंस बे," तो म्हणाला. "म्या मोजायलोय."